जुन्या लॅपटॉपसाठी बूटेबल पेनड्राइव्ह: तयारीपासून नवी ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्यापर्यंत

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, यूईएफआय प्रकारचे फर्मवेअर (लॅपटॉप चालू होताच सर्वांत आधी चालणारे, यंत्रातच असलेले सॉफ्टवेअर), किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. या अटींमुळे, पडदा, कळफलक आणि प्रोसेसर उत्तम स्थितीत असूनही केवळ वयामुळे अडगळीत जाणारे लॅपटॉप आज पुष्कळ घरांत आहेत. अशा लॅपटॉपवर स्वतःच्या हाताने नव्याने ऑपरेटिंग सिस्टिम बसवू इच्छिणाऱ्या, पण हे काम पूर्वी कधीही न केलेल्या वाचकांसाठी हा लेख आहे. मुख्य उदाहरण म्हणून लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम घेतली आहे. विंडोजच पुन्हा बसवायची असेल तर कुठे फरक पडतो, तेही पुढे सांगितले आहे.

बूटेबल पेनड्राइव्ह, म्हणजे ज्याच्यावरून लॅपटॉप सुरू करून नवी सिस्टिम बसवता येते असा पेनड्राइव्ह, प्रत्यक्ष तयार करणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. त्याला फार तर पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि तो चुकला तर पुन्हा करता येतो. हार्ड डिस्क पुसली गेल्यावर मात्र मागे फिरता येत नाही. म्हणून या लेखात पेनड्राइव्हच्या आधीच्या तयारीला आणि पेनड्राइव्हवरून लॅपटॉप नुसता चालवून पाहण्याच्या टप्प्याला जास्त जागा दिली आहे.

आधी लॅपटॉप ओळखून घ्यावा

लॅपटॉपवरची विंडोज सुरू होत असेल तर स्टार्ट मेनूमध्ये ‘सिस्टिम इन्फॉर्मेशन’ असे शोधून तो प्रोग्रॅम उघडावा. त्यात तीन गोष्टी पाहून कागदावर लिहून ठेवाव्यात. पहिली म्हणजे प्रोसेसरचे नाव, दुसरी म्हणजे बसवलेली रॅम आणि तिसरी म्हणजे ‘बायोस मोड’ या ओळीसमोर ‘लेगसी’ (म्हणजे जुन्या बायोस पद्धतीचे फर्मवेअर) लिहिले आहे की ‘यूईएफआय’. पेनड्राइव्ह कोणत्या पद्धतीचा करायचा हे या तिसऱ्या नोंदीवर ठरते.

सेटिंग्जमधील ‘अबाउट’ या पानावर सिस्टिम ३२-बिट आहे की ६४-बिट, हेही दिसते. ही ओळ नीट वाचावी, कारण तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी सांगितलेल्या असतात. पुष्कळ जुन्या लॅपटॉपवर दुकानदाराने ३२-बिट विंडोज बसवून दिलेली असते, पण आतला प्रोसेसर ६४-बिट असतो. अशा वेळी तिथे ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर’ असे लिहिलेले आढळते आणि त्या लॅपटॉपवर आजच्या ६४-बिट सिस्टिम चालतात. प्रोसेसरच ३२-बिट असेल तर पर्याय फार कमी उरतात. लिनक्स मिंटची मुख्य आवृत्ती केवळ ६४-बिट आहे आणि डेबियन या दुसऱ्या मोफत लिनक्स सिस्टिमनेही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणे बंद केले. त्यामुळे अशा यंत्रासाठी डेबियन १२ हा व्यवहार्य मार्ग ठरतो.

यानंतर डिस्कची तब्येत पाहावी. विंडोजवर ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’ या मोफत प्रोग्रॅममध्ये डिस्कची स्थिती ‘गुड’, ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ अशी दिसते. ‘गुड’ सोडून दुसरे काही दिसत असेल तर त्या डिस्कवर नवी सिस्टिम बसवण्याचे श्रम घेऊ नयेत. डिस्क ठीक असली, पण ती जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क असली, तरी माझा सल्ला असा राहील की शक्य असल्यास २.५ इंची साटा एसएसडी (फिरणारे भाग नसलेली, चिपवर मजकूर साठवणारी डिस्क) विकत घ्यावी. बहुतेक जुने लॅपटॉप संथ वाटतात ते डिस्कमुळे, प्रोसेसरमुळे नव्हे, आणि एसएसडी घातल्यावर तोच लॅपटॉप ओळखू येत नाही इतका फरक पडतो. एसएसडी घेण्याचा दुसरा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवली की तिच्यावरील सारा मजकूर जसाच्या तसा सुरक्षित राहतो आणि पुढे यूएसबी केसिंगमध्ये घालून तो केव्हाही पाहता येतो. नवी एसएसडी ७ मिलिमीटर जाडीची असते, तर जुन्या डिस्कची जागा काही लॅपटॉपमध्ये ९.५ मिलिमीटरची असते. अशा वेळी एसएसडीसोबत मिळणारी प्लास्टिकची पातळ चौकट लावावी, म्हणजे ती आत हलत नाही.

कोणती सिस्टिम बसवायची

हा निर्णय लॅपटॉपवर कोणते काम होते, यावरून घ्यावा. टॅलीमध्ये हिशेब ठेवले जात असतील, सरकारी संकेतस्थळांवर डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन वापरून कागदपत्रे भरली जात असतील, किंवा श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरवर मराठी मजकूर जुळवला जात असेल, तर विंडोजवरच राहावे. हे सगळे लिनक्सवर चालवण्याच्या खटपटीत नवख्या माणसाने पडू नये. इंटरनेट, ईमेल, पत्रलेखन, मुलांचा अभ्यास आणि चित्रफिती पाहणे एवढाच उपयोग असेल, तर लिनक्स मिंट पुरेशी आहे आणि जुन्या यंत्रावर ती अधिक हलकी चालते.

मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, पण ४ जीबी असणे बरे. डिस्कवर किमान २० जीबी जागा लागते, तरी शंभर जीबीची तयारी ठेवावी. तिच्या सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई अशा तीन आवृत्त्या मिळतात. जुन्या लॅपटॉपसाठी एक्सएफसीई निवडावी. मिंटच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. रॅम फारच कमी असेल तर मात्र कोणतीही सिस्टिम घेतली तरी ब्राउझरमध्ये चार-पाच पाने उघडल्यावर यंत्र अडखळणारच, कारण आज सर्वांत जास्त मेमरी ब्राउझर खातो.

अटींमध्ये न बसणाऱ्या लॅपटॉपवरही युक्तीने विंडोज ११ बसवता येते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. टीपीएम आणि सिक्युअर बूट (विश्वासार्ह सिस्टिमच सुरू होऊ देणारी फर्मवेअरची सोय) यांची तपासणी वगळण्याची सोय रुफस या प्रोग्रॅममध्ये आहे, हे खरे आहे. परंतु २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपसीएनटी या सूचना असणे सक्तीचे झाले असून कोअर २ ड्युओसारख्या प्रोसेसरवर ती सुरूच होत नाही. ज्या यंत्रांवर ती सुरू होते, त्यांनाही पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणून पहिल्याच प्रयत्नासाठी हा मार्ग मी सुचवणार नाही.

बॅकअप: कागदपत्रे आणि फोटो यांच्या पलीकडे

डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स आणि डेस्कटॉप ही फोल्डरे बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेणे सर्वांना सुचते. जे सुचत नाही, ते नंतर छळते. टॅलीचा डेटा बहुधा वेगळ्याच फोल्डरमध्ये असतो, तो टॅलीतून बॅकअप घेऊनच बाहेर काढावा. आउटलुक वापरात असेल तर त्याची ईमेल साठवणारी पीएसटी फाइल शोधून घ्यावी. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क निर्यात करून ठेवावेत, किंवा ब्राउझरच्या खात्यात ते नक्की जतन झाले आहेत हे दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावे. लॅपटॉपमध्ये सी आणि डी असे दोन भाग दिसत असले, तरी ते बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन तुकडे असतात. डिस्क पुसताना दोन्ही जातात, त्यामुळे ‘डी ड्राइव्हवर टाकले आहे’ याला बॅकअप म्हणता येत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या फायली त्या त्या फॉन्टशिवाय उघडल्या तर अक्षरांऐवजी रोमन चिन्हांचा गोंधळ दिसतो. म्हणून विंडोजच्या फोल्डरमधील ‘फॉन्ट्स’ हे पूर्ण फोल्डर बॅकअपमध्ये घ्यावे. लग्नपत्रिका, संस्थेची इतिवृत्ते, जुन्या अंकांचा मजकूर अशा फायली असतील, तर विंडोज पुसण्यापूर्वी त्या उघडून त्यांच्या पीडीएफ प्रतीही काढून ठेवाव्यात. फॉन्ट हरवला तरी पीडीएफ वाचता येते.

विंडोजच पुन्हा बसवायची असेल तर परवान्याचा विचार आत्ताच करावा. विंडोज ८ पासून पुढे कंपनीने बसवून दिलेल्या विंडोजची प्रॉडक्ट की लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्येच असते, तर विंडोज ७ च्या काळात ती लॅपटॉपच्या तळाशी चिकटवलेल्या स्टिकरवर छापलेली असे. त्या स्टिकरची अक्षरे आता पुसट झालेली असतात, म्हणून त्याचा मोबाइलने फोटो काढून ठेवावा. विंडोज १० एकदा त्या यंत्रावर सक्रिय झालेली असेल, तर पुन्हा तीच आवृत्ती बसवून इंटरनेटला जोडल्यावर ती आपोआप सक्रिय होते. याशिवाय डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने कुलूपबंद केलेली आहे का, हे सेटिंग्जमध्ये तपासावे. असल्यास तिची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून घ्यावी, अन्यथा फर्मवेअरमधली एखादी सेटिंग बदलताच जुनी विंडोज ती की मागत बसेल.

बॅकअप झाला की बाहेरची हार्ड डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून त्यातल्या पाच-दहा फायली उघडून पाहाव्यात आणि मग ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. पुढच्या कोणत्याही पायरीत ती लॅपटॉपला जोडलेली असू नये.

पेनड्राइव्ह आणि आयएसओ फाइल

८ जीबी किंवा त्याहून मोठा पेनड्राइव्ह घ्यावा. तो पूर्णपणे पुसला जाणार असल्यामुळे त्यावरील जुना मजकूर आधी काढून घ्यावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो वा गावातल्या मोबाइलच्या दुकानात, आश्चर्य वाटावे इतक्या स्वस्त दरात मोठ्या क्षमतेचा पेनड्राइव्ह मिळत असेल तर तो बनावट असण्याची शक्यता धरावी. अशा पेनड्राइव्हवर ६४ जीबी लिहिलेले असते, आत मात्र त्याच्या अंशाएवढीच मेमरी असते. ती भरली की पुढचा मजकूर लिहिल्यासारखा दिसतो, पण वाचता येत नाही, आणि सिस्टिम बसवताना मध्येच चुकीचे संदेश येऊ लागतात.

लिनक्स मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे पूर्ण सिस्टिम एकत्र बांधलेली एकच फाइल, मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावी. ती सुमारे ३ जीबीची असते, त्यामुळे मोबाइलच्या दैनंदिन डेटाच्या मर्यादेत ती अडकणार नाही असे पाहावे. डाउनलोड मध्येच तुटले असेल तर फाइल अपुरी राहते आणि ते नुसते पाहून कळत नाही. यासाठी प्रत्येक आयएसओसोबत एसएचए२५६ या पद्धतीने काढलेली ६४ अक्षरांची एक ओळ प्रसिद्ध केलेली असते. आपल्या फाइलवरून काढलेली ओळ तिच्याशी तंतोतंत जुळली पाहिजे. ही तपासणी पुष्कळ जण कंटाळा करून टाळतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरी होऊन १७.३ सिनॅमन या आवृत्तीच्या दुव्यामागे फेरफार केलेली आयएसओ ठेवली गेली होती. त्या दिवशी फाइल उतरवणाऱ्यांपैकी ज्यांनी खऱ्या ओळीशी ताडून पाहिले, त्यांना ती वेगळी असल्याचे कळू शकले.

रुफसने पेनड्राइव्ह तयार करणे

आयएसओ फाइल उचलून पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली तर लॅपटॉप त्यावरून सुरू होत नाही. जुने बायोस पेनड्राइव्हच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये सुरुवातीचा कोड शोधते, तर यूईएफआय फर्मवेअर फॅट प्रकारच्या भागावर ‘ईएफआय’ नावाचे फोल्डर शोधते. कॉपी केलेल्या एकुलत्या एक आयएसओ फाइलमध्ये शिरून या गोष्टी वाचणे दोघांनाही जमत नाही. आयएसओतील मजकूर योग्य जागी मांडून देणे हे रुफससारख्या प्रोग्रॅमचे काम आहे. तो मोफत आहे, आकाराने लहान आहे आणि इन्स्टॉल न करता थेट चालतो. हाताशी विंडोज ७ चा संगणक असेल तर रुफसची ३.२२ ही आवृत्ती घ्यावी, कारण त्यानंतरच्या आवृत्त्यांना विंडोज ८ किंवा त्यापुढची विंडोज लागते.

पायरी १. संगणकाला जोडलेले इतर सर्व पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डे काढून घ्यावीत, ज्याच्यावर लिहायचे आहे तेवढा एकच पेनड्राइव्ह लावावा आणि रुफस उघडावे. सर्वांत वर ‘डिव्हाइस’ या चौकटीत पेनड्राइव्हचे नाव आणि क्षमता दिसते. ती क्षमता आपल्या पेनड्राइव्हशी जुळते का, हे वाचून मगच पुढे जावे.

पायरी २. ‘सिलेक्ट’ बटण दाबून आयएसओ फाइल निवडावी. त्या बटणाशेजारी बरोबरची खूण असलेले छोटे बटण असते. ते दाबल्यावर रुफस त्या फाइलची एसएचए२५६ ओळ काढून देते. संकेतस्थळावरील ओळीशी ती ताडून पाहावी. जुळत नसेल तर फाइल पुन्हा उतरवावी.

पायरी ३. ‘पार्टिशन स्कीम’ (पेनड्राइव्हवरील भागांच्या मांडणीची पद्धत) या चौकटीत जुन्या लॅपटॉपसाठी ‘एमबीआर’ निवडावे. लिनक्स मिंटच्या बाबतीत असा पेनड्राइव्ह लेगसी आणि यूईएफआय या दोन्ही प्रकारच्या यंत्रांवर सुरू होतो. ‘पर्सिस्टंट पार्टिशन’चा सरकता बाण शून्यावरच राहू द्यावा. फाइल सिस्टिम आणि बाकीच्या चौकटी रुफसने भरलेल्या आहेत तशाच ठेवाव्यात.

पायरी ४. पेनड्राइव्ह नवा किंवा संशयास्पद असेल तर प्रगत पर्यायांमधील ‘बॅड ब्लॉक’ तपासणी चालू करावी. तिला बराच वेळ लागतो, पण बनावट पेनड्राइव्ह तिच्यात उघडा पडतो. ओळखीच्या, वापरातल्या पेनड्राइव्हसाठी ही पायरी सोडून द्यावी.

पायरी ५. ‘स्टार्ट’ दाबावे. काही जादा फायली इंटरनेटवरून घेऊ का, असे विचारल्यास होकार द्यावा. मग आयएसओ पद्धतीने लिहायचे की डीडी पद्धतीने, असा प्रश्न येतो. तिथे आयएसओ पद्धत निवडावी. शेवटी सर्व मजकूर पुसला जाईल अशी सूचना येते. पेनड्राइव्हचे नाव पुन्हा एकदा वाचून तिला संमती द्यावी. हिरवी पट्टी पूर्ण भरून ‘रेडी’ असे दिसले की काम झाले. त्यानंतर विंडोजच्या ‘सेफली रिमूव्ह’ सोयीनेच पेनड्राइव्ह काढावा.

दुसरा संगणक मॅक असेल तर बलेना एचर हा प्रोग्रॅम वापरावा, आणि तो मिंटच असेल तर तिच्यात ‘यूएसबी इमेज रायटर’ आधीच असतो. व्हेंटॉय नावाचा प्रोग्रॅमही लोकप्रिय आहे. तो एकदा पेनड्राइव्हवर बसवला की त्यावर हव्या तितक्या आयएसओ फायली नुसत्या कॉपी करून चालवता येतात. नेहमी दुरुस्ती करणाऱ्यांना तो सोयीचा आहे, पण पहिल्या वेळी एका पेनड्राइव्हवर एकच सिस्टिम ठेवणे बरे.

लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करणे

चार्जर जोडून ठेवावा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटेही तग धरेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे वीज जाण्याची शक्यता असेल तर हे काम इन्व्हर्टरवर किंवा वीज स्थिर असलेल्या वेळी करावे. पेनड्राइव्ह शक्यतो काळ्या रंगाच्या, म्हणजे यूएसबी २ प्रकारच्या पोर्टमध्ये लावावा. काही जुन्या यंत्रांत निळ्या पोर्टमधून सिस्टिम सुरू होत नाही.

लॅपटॉप चालू करताच बूट मेनूची कळ थांबून थांबून दाबत राहावे. डेल, लेनोवो आणि तोशिबाच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती एफ१२ असते. एचपीमध्ये आधी एस्केप आणि मग एफ९ दाबावी लागते, तर एसुसमध्ये एस्केप पुरते. लेनोवोच्या काही मॉडेलांत टोचणीने दाबायचे नोवो बटण बाजूला दिलेले असते. एसरमध्येही एफ१२ च आहे, पण ती अनेकदा बंद ठेवलेली असते; एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन ‘एफ१२ बूट मेनू’ हा पर्याय आधी चालू करावा लागतो.

कळ दाबूनही थेट विंडोजच उघडत असेल तर दोष बहुधा ‘फास्ट स्टार्टअप’चा असतो. या सोयीमुळे विंडोज बंद केल्यासारखी दिसते, पण पूर्ण बंद होत नाही. अशा वेळी शिफ्टची कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडावे. येणाऱ्या निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ असा पर्याय यूईएफआय यंत्रांत मिळतो आणि तिथून पेनड्राइव्ह निवडता येतो.

बूट मेनूमध्ये एकच पेनड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा ‘यूईएफआय’ असे पुढे लावून. सुरुवातीला कागदावर लिहिलेला बायोस मोड इथे उपयोगी पडतो; ‘लेगसी’ लिहिले असेल तर नुसत्या नावाची आणि ‘यूईएफआय’ लिहिले असेल तर ‘यूईएफआय’ लावलेली नोंद निवडावी. सिक्युअर बूट चालू असले तरी मिंट सहसा सुरू होते. अडलेच तर बायोसमध्ये जाऊन ते बंद करावे. एसरच्या अनेक मॉडेलांत त्यासाठी आधी सुपरवायझर पासवर्ड ठेवावा लागतो. तो पासवर्ड कागदावर लिहून ठेवावा आणि काम झाल्यावर काढून टाकावा, कारण तो विसरला तर सोडवणे फार त्रासाचे होते.

डिस्कला हात लावण्यापूर्वी चालवून पाहावे

मेनूतील पहिला पर्याय निवडल्यावर मिंट पेनड्राइव्हवरूनच पूर्ण उघडते. पडदा काळाच राहिला तर पुन्हा सुरू करून ‘कंपॅटिबिलिटी मोड’ निवडावा. या अवस्थेत लॅपटॉपच्या डिस्कवर आपण सांगेपर्यंत काहीही लिहिले जात नाही, म्हणून इथे अर्धा तास निवांत घालवावा. वायफाय जोडून पाहावे, आवाज आणि कॅमेरा तपासावा, एखादी चित्रफीत चालवावी, कळफलकाची प्रत्येक कळ दाबून पाहावी, झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर यंत्र जागे होते का ते पाहावे. सिस्टिम पेनड्राइव्हवरून चालत असल्याने ती संथ वाटेल, पण त्यावरून अंतिम वेगाचा अंदाज बांधू नये.

वायफाय दिसतच नसेल तर घाबरण्याचे कारण नाही. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या वायफाय चिपना वेगळे ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारे छोटे प्रोग्रॅम, लागतात. अँड्रॉइड फोन केबलने जोडून त्यात ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केले की मिंटला लगेच इंटरनेट मिळते, आणि इन्स्टॉल झाल्यावर ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून हवा तो ड्रायव्हर घेता येतो.

ज्या लॅपटॉपची विंडोज मुळात सुरूच होत नव्हती, त्यांच्यासाठी बॅकअप घेण्याची जागा हीच आहे. फाइल मॅनेजरमध्ये जुन्या डिस्कचे भाग दिसतात, ते उघडून हवा तो मजकूर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवता येतो. त्यासाठी कपाटातली डिस्क जोडावी लागली, तर काम संपताच ती पुन्हा काढून ठेवावी. ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅममध्ये डिस्कची स्मार्ट नोंद, म्हणजे तिच्या तब्येतीची नोंद, हीही पाहता येते.

प्रत्यक्ष बसवणे

सगळे समाधानकारक वाटले तरच डेस्कटॉपवरील ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ या चिन्हावर दोनदा क्लिक करावे. भाषा म्हणून सुरुवातीला इंग्रजी ठेवल्यास पुढे अडचण आल्यावर मदत शोधणे सोपे जाते. कळफलकासाठी रुपयाच्या चिन्हासह असलेला भारतीय इंग्रजी पर्याय निवडावा. मल्टिमीडिया कोडेकची (गाणी आणि चित्रफिती चालवण्यासाठी लागणाऱ्या फायलींची) खूण करावी.

यानंतर ‘इन्स्टॉलेशन टाइप’चा पडदा येतो आणि इथे घाई करू नये. ‘इरेज डिस्क’ हा पर्याय निवडलेल्या डिस्कवरचे सर्व भाग काढून टाकतो. यंत्रात दोन डिस्क असतील तर त्यांची नावे एसडीए, एसडीबी अशी दिसतात. कोणती कोणाची हे नावावरून न ठरवता आकारावरून ठरवावे. विंडोज ठेवून शेजारी मिंट बसवण्याचाही पर्याय असतो, पण जुन्या लहान डिस्कवर दोन सिस्टिम कोंबण्यात दोघींचेही हाल होतात असे माझे मत आहे. डिस्क यादीत दिसतच नसेल तर बायोसमध्ये साटा मोड ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’वर असेल, तो ‘एएचसीआय’ करावा. हा बदल केल्यावर जुनी विंडोज सुरू होणार नाही, पण ती पुसायचीच असल्याने त्याची फिकीर नको.

पुढे नकाशावर कोलकाता ही वेळ निवडावी, नाव आणि पासवर्ड द्यावा. पासवर्ड रोमन अक्षरांतच ठेवावा, कारण लॉग-इनच्या पडद्यावर मराठी कळफलक उपलब्ध असेलच असे नाही. यानंतर पंधरा ते चाळीस मिनिटे लागतात. शेवटी पेनड्राइव्ह काढण्याची सूचना येते, तेव्हा तो काढून एंटर दाबावे.

विंडोज १० बसवायची असल्यास

मायक्रोसॉफ्टचे ‘मीडिया क्रिएशन टूल’ उतरवून चालवल्यास ते स्वतःच पेनड्राइव्ह तयार करून देते आणि रुफसची गरज पडत नाही. त्याच टूलमधून आयएसओ घेऊन रुफसनेही काम करता येते, पण तेव्हा पार्टिशन स्कीम काटेकोरपणे निवडावी लागते: लेगसी यंत्रासाठी एमबीआर आणि यूईएफआय यंत्रासाठी जीपीटी. विंडोजच्या काही आयएसओंमधील मुख्य फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असते आणि फॅट३२ मध्ये एवढी फाइल मावत नाही, म्हणून रुफस अशा वेळी एनटीएफएस वापरते. ती सेटिंग बदलू नये.

बसवताना प्रॉडक्ट की मागितल्यावर ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ निवडावे आणि पूर्वी जी होती तीच आवृत्ती, होम असेल तर होम आणि प्रो असेल तर प्रो, घ्यावी. ‘कस्टम’ पर्यायात जाऊन, लॅपटॉपची डिस्क तीच आहे याची आकारावरून खात्री करून, तिच्यावरचे जुने भाग एकेक करून काढून टाकावेत आणि मोकळ्या जागेवर ‘नेक्स्ट’ करावे. विंडोज १० साठी जादा सुरक्षा अपडेटची योजना घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झालेली आहे, तिच्यासाठी सेटिंग्जमधून नोंदणी करावी. त्यानंतर तो लॅपटॉप बँकेच्या व्यवहारांसाठी वापरू नये.

पहिल्या दिवशी करण्याच्या गोष्टी

मिंट सुरू झाल्यावर ‘अपडेट मॅनेजर’ उघडून सर्व अपडेट घ्यावेत आणि ‘टाइमशिफ्ट’ सुरू करून सिस्टिमची एक प्रत काढून ठेवावी. पुढे एखादा बदल बिघडला तर तिच्यावरून मागे जाता येते. मराठी टंकलेखनासाठी कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘लेआउट’ या भागात मराठीचा पर्याय जोडावा. ज्यांना इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक येत नाही, त्यांनी ‘मराठी कागपा, फोनेटिक’ हा लेआउट घ्यावा. त्यात रोमन उच्चाराच्या जवळ जाणाऱ्या कळा असतात. मग कपाटातली हार्ड डिस्क काढून फायली परत आणाव्यात, परंतु त्या डिस्कवरची प्रत निदान काही महिने पुसू नये.

नव्या सिस्टिमऐवजी ‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड’ असा संदेश आला तर बायोसमधील बूटचा क्रम पाहावा. इन्स्टॉल करताना पेनड्राइव्ह ज्या मोडमध्ये सुरू केला होता, त्याहून वेगळा मोड तिथे निवडलेला असणे हे याचे नेहमीचे कारण असते. तयार केलेला पेनड्राइव्ह महिनाभर तरी तसाच ठेवावा, कारण बूटची दुरुस्ती करायची झाल्यास तोच लागतो. पुढे तो साध्या वापरासाठी मोकळा करायचा असेल आणि विंडोजमध्ये त्याची क्षमता कमी दिसत असेल, तर रुफसमध्ये ‘नॉन बूटेबल’ निवडून ‘स्टार्ट’ दाबल्यास तो मूळ क्षमतेसह पुन्हा वापरता येतो.